चित्र काढताना लाइव्ह जायचंय? खिशाला हात न लावता काय जमतं, कुठं अडतं

पेन टॅबलेट घेतला, हात बसला, आता चित्र काढताना लोकांना दाखवावं असं वाटायला लागलं की पहिला प्रश्न ठरलेला: "सॉफ्टवेअर कोणतं टाकू?" प्रश्न बरोबर आहे, पण तो रांगेत तिसरा येतो. आधी बघायचा तो आपल्या नेटचा अपलोड, मग बघणारे कोण, आणि मग सॉफ्टवेअर. उलट्या क्रमाने गेलं की चार दिवस सेटिंग करण्यात जातात आणि पाचव्या दिवशी कळतं की कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आपल्या खोलीत नेटच पुरत नाही.

अपलोड म्हणजे आपल्याकडून बाहेर जाणारा वेग. नेटवाला कौतुकानं सांगतो तो आकडा बहुतेक वेळा डाउनलोडचा असतो. लाइव्ह रात्री आठला जायचं असेल तर स्पीड टेस्टही रात्री आठलाच करायची. सकाळी सहाला सगळ्यांचंच नेट पळतं. तीनदा मोजा, तिन्हीतला सगळ्यात कमी अपलोड धरा आणि त्याचा निम्मा आकडा बिटरेट म्हणून वापरा. बिटरेट म्हणजे दर सेकंदाला आपण किती माहिती बाहेर ढकलतोय ते. उरलेला निम्मा हिस्सा नेटच्या चढउतारासाठी आणि घरातल्या बाकीच्या मोबाइलसाठी ठेवायचा. घरात कुणी फोनमधले फोटो क्लाउडवर चढवायला लावले, की पहिला फटका आपल्याच लाइव्हला बसतो.

५ एमबीपीएस (म्हणजे सेकंदाला ५००० किलोबिट) अपलोड मिळत असेल तर २५०० किलोबिट बिटरेट धरा, त्यात ७२०पी, ३० फ्रेमचा (सेकंदाला ३० चित्रांचा) व्हिडिओ नीट जातो. १० एमबीपीएसच्या वर स्थिर अपलोड असेल तरच १०८०पीचा विचार करा आणि तिथं ४५०० ते ६००० ठेवा. ६० फ्रेम चित्रकलेला लागत नाहीत, तो व्हिडिओ गेमवाल्यांचा हट्ट आहे. ब्रश ३० फ्रेममध्येही सुरळीत फिरताना दिसतो.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जाणाऱ्यांसाठी एक साधा हिशोब. व्हिडिओ २५०० आणि आवाज १२८ मिळून २६२८ किलोबिट. एका तासाचे सेकंद ३६००, आणि ८ बिटचा एक बाइट. म्हणजे तासाला साधारण १.२ जीबी. रोज दीड जीबीचं रिचार्ज असेल तर सव्वा तासात खेळ खल्लास, आणि तोही नेमका डोळे रंगवायला घेतलेले असताना.

अपलोड २ एमबीपीएसच्या खाली असेल तर व्हिडिओच्या मागं लागू नका. ड्रॉपाइल नावाचं एक मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते चित्राचा व्हिडिओ पाठवतच नाही, प्रत्येक फटकारा कुठून कुठं गेला एवढीच माहिती पाठवतं. बघणाऱ्याच्या संगणकावर तोच फटकारा पुन्हा उमटतो. त्यामुळं डेटा अगदी किरकोळ लागतो आणि रेषा धूसर व्हायचा प्रश्नच येत नाही. दोघंतिघं मिळून एकाच कॅनव्हासवर चित्रही काढू शकतात. अट एवढीच की बघणाऱ्यालाही ड्रॉपाइल उघडावं लागतं, आणि चित्र ड्रॉपाइलच्याच ब्रशनं काढावं लागतं. चार मित्रांच्या बैठकीला झकास, अनोळखी प्रेक्षक गोळा करायला निरुपयोगी.

फुकट, पण कसलं फुकट?

"फ्री" या एका शब्दाखाली तीन वेगळे प्रकार खपतात. पहिला, खरोखर मुक्त: ओबीएस स्टुडिओ (पडदा लाइव्ह पाठवायला), क्रिटा आणि इंकस्केप (चित्र काढायला), ड्रॉपाइल. कोड सगळ्यांना खुला, मुदत नाही, वॉटरमार्क नाही. दुसरा, जाहिरातीवर चालणारा: मेडिबँग, आयबिस पेंट. सॉफ्टवेअर चांगली आहेत, पण काही ब्रश आणि सोयी जाहिरात बघून किंवा पैसे भरून उघडतात. तिसरा, गळ टाकलेला: एकाच वेळी दोनतीन ठिकाणी लाइव्ह पाठवून देणाऱ्या वेबसाइट, नाहीतर तयार नक्षीच्या चौकटी देणारी ओबीएसची भावंडं. फुकट भागात त्यांचा छाप व्हिडिओवर येतो आणि कामाचं बटण दाबलं की पैशाचं पान उघडतं. सुरुवात पहिल्या प्रकारानं करावी. शिकलेलं वाया जात नाही.

क्रिटा स्टीमवर आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअरमध्ये पैसे देऊन मिळतं आणि क्रिटाच्या स्वतःच्या साइटवर तेच फुकट मिळतं. दोन्हीत फरक नाही. दुकानातले पैसे बनवणाऱ्यांना मदत म्हणून असतात. ओबीएस उतरवताना मात्र शोधात सगळ्यात वर आलेल्या जाहिरातीवर क्लिक करू नका. हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या साइटवरून व्हायरस आल्याचे प्रकार झालेत. पत्ता हातानं टाइप करा: ओबीएसप्रोजेक्ट डॉट कॉम.

चित्राच्या व्हिडिओची गोची

व्हिडिओ दाबून लहान करणारा एन्कोडर एक चलाखी करतो. मागच्या फ्रेममध्ये जे होतं ते पुन्हा पाठवत नाही, बदललेलं तेवढंच पाठवतो. चित्र काढताना बदलतं काय, तर ब्रशच्या टोकाजवळचा तळहाताएवढा भाग. म्हणून २५०० किलोबिटमध्येही स्थिर चित्र काचेसारखं स्वच्छ दिसतं. आता तुम्ही झूम केलं, पान फिरवलं, बाजूला सरकवलं. त्या क्षणी सगळा पडदा बदलतो, एन्कोडरला सगळंच नव्यानं पाठवावं लागतं आणि चित्राचे चौकोनी ठोकळे होतात. एकदोन सेकंदांत पुन्हा जमतं. पण डिजिटल चित्रकार मिनिटाला दहा वेळा झूम करतो, म्हणजे बघणाऱ्याला ठोकळेच जास्त दिसतात. वर त्याला सारखी घेरी येते ती वेगळीच.

दुसरी गोची रंगाची. समजा गडद लाल नऊवारीवर कोल्हापुरी साज रंगवताय. साजातला मासा, कासव, एकेक पान तुम्ही दोन पिक्सेलच्या तांबूस रेषेनं बांधून घेतलं. आपल्या पडद्यावर रेषा लखलखीत, आणि यूट्यूबवर बघितलं तर तिथं नुसता लाल चिखल. कारण लाइव्ह व्हिडिओत उजेड-अंधार प्रत्येक पिक्सेलचा वेगळा पाठवतात, पण रंग चार पिक्सेलमिळून एकच. रेषा आणि पार्श्वभूमी यांत फक्त रंगाचा फरक असेल आणि उजेड सारखाच असेल, तर रेषा बुडते. ओबीएसच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये आय४४४ नावाचा रंगप्रकार दिसतो, तो निवडून काही होत नाही, कारण यूट्यूब पुढं रंग दाबणारच. उपाय चित्रातच करायचा: रेषांच्या थराला (लेअरला) उजेडाचा फरक द्या, सोनं पिवळसर फिकट ठेवा, बारीक काम दाखवायच्या वेळी जवळ जाऊन दाखवा. कृष्णधवल करून बघितलं तर रेषा दिसते का, ही तपासणी पुरेशी आहे.

झूमच्या ठोकळ्यांवरचा उपाय क्रिटातच आहे, आणि तो फार थोडे लोक वापरतात. क्रिटात एकच चित्र दोन खिडक्यांत उघडता येतं. विंडो मेनूतून न्यू विंडो घ्या. नव्या खिडकीत परत विंडो मेनू, न्यू व्ह्यू आणि आपल्या चित्राचं नाव. मग कीबोर्डवरचं २ दाबून पूर्ण पान बसवा आणि टॅब दाबून आजूबाजूचे डॉकर (साधनांच्या पट्ट्या) घालवा. आता पहिल्या खिडकीत तुम्ही नाकाच्या शेंड्यापर्यंत झूम करा, पान उलटंपालटं करा, ओबीएसला दुसरी खिडकी दाखवा. प्रेक्षकाला पूर्ण चित्र स्थिर दिसतं आणि त्यावर काम आपोआप उमटत जातं. बिटरेटही वाचतो. दोन पथ्यं पाळायची. दुसरी खिडकी मिनिमाइझ करायची नाही, मागं झाकलेली राहिली तर चालते. आणि दोन्ही खिडक्यांची नावं सारखी दिसतात, म्हणून ओबीएसनं नेमकी कुठली पकडलीय ते दर वेळी डोळ्यांनी बघून घ्यायचं.

ओबीएसची मांडणी

ओबीएसमध्ये सीन म्हणजे रंगमंच आणि सोर्स म्हणजे त्यावर मांडलेलं सामान. सुरुवातीला तीन सीन पुरतात: "थोड्याच वेळात", "काम चालू" आणि "चहाला गेलोय". तिसऱ्याची गरज पहिल्याच दिवशी कळते.

"काम चालू"मध्ये विंडो कॅप्चर टाका, डिस्प्ले कॅप्चर टाळा. डिस्प्ले कॅप्चर सगळा पडदा दाखवतं, त्यात व्हॉट्सअ‍ॅपची पट्टी आली, बँकेचा ओटीपी आला, सगळं जगाला दिसतं. विंडो कॅप्चरची खोट अशी की क्रिटातून सुटून उघडणारे मेनू आणि रंग निवडायच्या पेट्या त्यात येत नाहीत. शिकवणीसाठी लाइव्ह असेल तर ते दाखवायलाच लागतात, तेव्हा नाइलाजानं डिस्प्ले कॅप्चर घ्या, पण आधी विंडोजचं डू नॉट डिस्टर्ब चालू करा आणि ब्राउझर बंद करा.

कॅनव्हास काळाच दिसतोय? विंडो कॅप्चरच्या सोर्सवर डबल क्लिक करा, कॅप्चर मेथडमध्ये ऑटोमॅटिकच्या जागी विंडोज १० वाली पद्धत निवडा. जुनी बिटब्लिट पद्धत ग्राफिक्स कार्डावर रंगवलेला भाग पकडू शकत नाही. लॅपटॉपवर डिस्प्ले कॅप्चर काळं येत असेल तर भानगड वेगळी: पडदा इंटेलच्या ग्राफिक्सवर आणि ओबीएस एनव्हिडियावर, दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये ओबीएसला पॉवर सेव्हिंगवर टाकलं की पडदा दिसायला लागतो.

आउटपुटच्या सेटिंगमध्ये रेट कंट्रोल सीबीआर आणि कीफ्रेम इंटरव्हल २ सेकंद. एन्कोडरसाठी एनव्हिडिया कार्ड असेल तर एनव्हेंक, नसेल आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर क्विक सिंक. एक्स२६४ शेवटी. तो प्रोसेसरवर चालतो आणि मोठा ओला ब्रश फिरवताना क्रिटालाही तोच प्रोसेसर हवा असतो. दोघांची कुस्ती लागली की ब्रश हाताच्या मागं मागं येतो, आणि आपण उगाच टॅबलेटच्या ड्रायव्हरला शिव्या घालतो.

मेमरीचंही तसंच. ए४ पान ३०० डीपीआयला २४८० बाय ३५०८ पिक्सेल, म्हणजे पूर्ण रंगवलेला एक थर साधारण ३५ एमबी. असे वीस थर ७०० एमबी, ८ जीबीच्या लॅपटॉपला झेपतं. मंडळाच्या कमानीसाठी ६००० बाय ४००० चा कॅनव्हास घेतला की तोच थर ९६ एमबी होतो, १६ बिट रंग निवडले तर १९२. असलं काम लाइव्हवर करू नये. आधी ए४ वर आराखडा लाइव्ह काढावा, मोठं काम नंतर निवांत.

खाली मराठीत नाव लिहायचं असेल तर टेक्स्ट सोर्समध्ये फॉन्ट मुक्ता घ्या. फुकट आहे आणि ७२०पीलाही जोडाक्षरं फुटत नाहीत.

फोनवरच चित्र काढत असाल

आयबिस पेंटवर काम करणारी बरीच पोरं आहेत. यूट्यूबच्या मोबाइल अ‍ॅपमधून लाइव्ह जायला किमान ५० सबस्क्राइबर लागतात. संगणकावरून ओबीएसनं गेलं तर ही अट नाही. म्हणून अँड्रॉइड फोन यूएसबीनं संगणकाला जोडायचा, डेव्हलपर पर्यायांतून यूएसबी डीबगिंग चालू करायचं आणि एससीआरसीपीवाय हे छोटं मुक्त सॉफ्टवेअर चालवायचं. नावाचा उच्चार स्क्रीन कॉपी. फोनचा पडदा संगणकावर खिडकीसारखा उघडतो, ओबीएस ती खिडकी पकडतं. फोनवर काही टाकावं लागत नाही, वॉटरमार्क नाही. केबल चार्जिंगपुरती असली तर फोन दिसतच नाही, डेटा केबल घ्या. लाइव्ह संपलं की डीबगिंग बंद करा.

दाखवायचं कुठं?

मराठी बोलत चित्र काढणार असाल तर यूट्यूब. आपले लोक तिथं आहेत, वेगळं खातं काढावं लागत नाही आणि १२ तासांपर्यंतचं लाइव्ह आपोआप साठून राहतं. पण लाइव्ह पहिल्यांदा सुरू करायला फोन नंबर पडताळून घ्यावा लागतो आणि परवानगी यायला २४ तासांपर्यंत लागू शकतात. संध्याकाळी लाइव्ह असं इन्स्टावर टाकून दुपारी चारला सेटिंग उघडणाऱ्यांची इथंच फजिती होते. १६ वर्षांखालच्या मुलांना तिथं एकट्यानं लाइव्ह जाता येत नाही, सोबत मोठं माणूस दिसावं लागतं.

ट्विचवर आर्ट हा स्वतंत्र विभाग आहे, गप्पांची मजा जास्त, पण साध्या खात्याचा व्हिडिओ ७ दिवसांत जातो. पिकार्टो खास चित्रकारांसाठी. तिथं आणि ट्विचवर बोलणं बहुतांशी इंग्रजीत चालतं, परदेशी कमिशन (पैसे घेऊन चित्र काढून द्यायची कामं) हवी असतील तर तो फायदाच. पाचसहा मित्रांना दाखवायचं तर डिस्कॉर्ड, फुकटात ७२०पी ३० फ्रेम. शिकवणी घ्यायची असेल तर जित्सी, व्हिडिओ बैठकीचं मुक्त सॉफ्टवेअर. झूम फुकटात ४० मिनिटांत गाशा गुंडाळतं, गूगल मीट तिघं किंवा जास्त लोक झाले की ६० मिनिटांत. छटा देणं शिकवायला ४० मिनिटं पुरत नाहीत.

ओनकास्टचं नाव कुणीतरी सुचवतंच. स्वतःच्या सर्व्हरवर स्वतःचं चॅनेल, जाहिरात नाही, कुणाची मर्जी नाही. सॉफ्टवेअर फुकट, सर्व्हर नाही. २० जण बघत असतील तर २० गुणिले अडीच, म्हणजे ५० एमबीपीएस सतत बाहेर जाणार. घरच्या नेटवर हे चालत नाही.

आवाज

चित्र थोडं अंधुक दिसलं तरी लोक बघतात, आवाज खराब असला की उठून जातात. घरात मुख्य शत्रू पंखा. ओबीएसमध्ये माइकच्या फिल्टरमध्ये नॉइज सप्रेशन घ्या, प्रकार आरएननॉइज, आणि त्याखाली लिमिटर. क्रम हाच, आधी गोंगाट काढायचा. माइक तोंडापासून एक वीत. बोलताना मिक्सरची पट्टी पिवळ्यात खेळली पाहिजे, लाल भागात नको. माइक आणि टॅबलेट एकाच टेबलावर असतील तर पेनचा प्रत्येक टकटकाट ऐकू जातो. माइकखाली टॉवेलची जाड घडी घाला. ज्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतःच्या हातानं बनवला, तिथं टॉवेलची लाज कसली!

मागं गाणी लावू नका. यूट्यूबची यंत्रणा लाइव्ह चालू असतानाही गाणं ओळखते आणि प्रक्षेपण थांबवू शकते. गणपतीच्या दिवसांत तर खिडकीतून मंडळाच्या डॉल्बीचं गाणं माइकमध्ये शिरलं तरी दावा येऊ शकतो. खिडकी लावून घ्या किंवा त्या वेळी माइक म्यूट करा. संगीत हवंच असेल तर यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतलं घ्या.

अडकलं की कुठं बघायचं

डॉक्स मेनूतून स्टॅट्स उघडून कोपऱ्यात ठेवा. तिथं तीन आकडे असतात आणि तिन्हीचं दुखणं वेगळं. नेटवर्कमुळं गळालेले फ्रेम वाढत असतील तर दोष नेटचा: बिटरेट उतरवा, वायफाय सोडून लॅनची केबल लावा, अ‍ॅडव्हान्स्डमध्ये गर्दीनुसार बिटरेट बदलायचा पर्याय चालू करा. एन्कोडिंगमुळं सुटलेले फ्रेम वाढले तर प्रोसेसर दमलाय: एन्कोडर बदला किंवा ७२०पीवर या. रेंडरिंगमुळं चुकलेले वाढले तर ग्राफिक्सवर भार आहे: सीनमधली हलणारी सजावट काढा. बहुतेक जण तिन्ही वेळा नेटवाल्याला फोन लावतात.

चित्र काढणारा हात दाखवायला कॅमेरा लावला असेल आणि व्हिडिओत काळे पट्टे सरकत असतील तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फ्लिकर ५० हर्ट्झ करा. आपली वीज ५० हर्ट्झची, कॅमेरा बऱ्याचदा ६० धरून बसलेला असतो.

आणि पावसाळ्यात लाइट जाणार, हे धरूनच चला. लॅपटॉप बॅटरीवर तगतो, राउटर पडतो. राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात, बहुतेक १२ व्होल्ट, त्याच मापाचा मिनी यूपीएस लावा. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही. तेवढी सोय नसेल तर यूट्यूब स्टुडिओत लाइव्हच्या सेटिंगमधला ऑटो स्टॉप आधीच बंद करून ठेवा, म्हणजे नेट तुटलं तरी प्रक्षेपण संपलं असं धरलं जात नाही आणि लाइट आल्यावर त्याच लिंकवर पुढं चालू होतं. ओबीएसमध्ये रेकॉर्डिंगही सुरू असू द्या, एमकेव्हीमध्ये. साध्या एमपी४ची फाइल मध्येच वीज गेली तर उघडतच नाही, एमकेव्ही तिथपर्यंतची शाबूत राहते. नंतर फाइल मेनूतल्या रीमक्सनं तिची एमपी४ करायला अर्धा मिनिट पुरतो.